नंबर काढायला यवतमाळच्या एक्स्पोत

जायचं ठरलं ते हौसेनं नाही. यवतमाळला मोबाईल-कंपन्यांचा मोठा मेळा भरला होता. त्याला एक्स्पो म्हणतात. जिकडेतिकडे बॅनर लागले होते, त्यावर हसणाऱ्या बाया, हातात फोन. मला त्या बाया पाहूनच संताप येत होता. कारण आमच्या बोरी अरबमधली एक बाई हातात फोन असल्यामुळे आठ दिवसांपासून घरात बसली होती, आणि तिला तिथं बसवणारी मीच होते.

ती शोभा. वय सत्तावीस-अठ्ठावीस. माझ्या टोळीत कापूस वेचायला येते. टोळी म्हणजे नऊ बाया. शेतवाल्याचा मला फोन येतो, मी बाया गोळा करते, गाडी ठरवते, सकाळी सातला निघतो. नऊ बायांत फोन दोन. एक माझा, एक शोभाचा. माझ्या फोनचा आवाज कधी निघतो कधी नाही, म्हणून कुठंही नंबर द्यायचा झाला की सगळ्या शोभाचाच देतात. रेशनच्या माणसाला तोच, दवाखान्यात तोच, बचतगटाच्या वहीत तोच. आमच्याकडे ही रीत आहे. ज्याच्याकडे फोन, त्याचा नंबर सगळ्यांचा. कोणी विचारत नाही, कोणी नाही म्हणत नाही.

दिवाळीच्या आधी एक कंपनी गावात आली. दोघंजण होते, जॅकेट घातलेले, लॅपटॉप घेऊन. म्हणे गावातल्या लोकांसाठी नवीन अ‍ॅप आहे, एकमेकांशी ओळख होईल, काम मिळेल, गप्पा होतील. नाव सांगत नाही, उगाच त्यांची जाहिरात. ज्या बाईनं नाव दिलं तिला एक छत्री. मी टोळी उभी केली. नवाच्या नवांची नावं दिली आणि नऊवेळा शोभाचा नंबर सांगितला. पोरगा खूश होऊन म्हणाला, "आमच्यात एका नंबरवर बारा जणं चालतात काकू, गावात घरटी एकच फोन असतो ना!" मला वाटलं, किती समजदार पोरगं.

मग शोभाला फोन यायला लागले. कुठल्या कुठल्या माणसांचे. दुपारी, जेवताना, शेतात. एक ठेवला की दुसरा. तिच्या सासूनं, म्हणजे कौसाबाईनं, एकदा कान लावला तर तिकडून माणूस हसत होता. झालं. फोन पेटीत गेला, पेटीला कुलूप लागलं, किल्ली सासूच्या कमरेला. कामावर जाणं बंद. कौसाबाई स्वतः माझ्याच टोळीत वेचायला येते, तिचंही नाव त्या नऊंत. तिनं सुनेला विचारलं, "थो कोनाले मांगते?" शोभा म्हणाली, "दुसऱ्याच बाईले मांगते." "कोनत्या बाईले? नाव सांग!" शोभा खाली पाहून गप. ती गप राहिली म्हणून सगळ्यांनी धरलं की पोरीच्या मनात काळं आहे. तिचा नवरा ज्ञाना, तोही आईच्या बाजूनं.

मी कौसाबाईला सांगून पाहिलं की हे त्या छत्रीवाल्या कंपनीचं काम असणार. ती म्हणाली, "मले दाखव. माह्या डोयानं पाहीन, मंगच फोन देईन. नाहीतर सुनेले माहेरी पाठवतो."

एक्स्पोच्या बॅनरवर याच कंपनीची छत्री होती, म्हणून आम्ही दोघी निघालो. तिसरी कोणी नाही.

आता रस्त्याचं सांगते, कोणाला जायचं असेल तर. दारव्ह्याकडून येणारी एस.टी. बोरीला सकाळी मिळते. वेळ विचारू नका, फलकावर जी लिहिली आहे तिच्यानंतर अर्धा तास धरा. बायांना अर्धं तिकीट, हे एक बरं आहे. कंडक्टरला सुटे द्या, नाहीतर तो तोंड सोडतो. खिडकीची जागा घेऊ नका, काच वर टिकत नाही, धाडकन खाली येऊन बोटं चेचते. रस्त्यात कापसाच्या गाड्या पुढं असल्या की बस त्यांच्या मागं रांगते. रुईचे पुंजके उडून खिडकीतून अंगावर येतात. बाकी शेतं पाहायला छान आहेत, तूर फुलावर होती. पण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

कौसाबाई पूर्ण रस्ता एकच बोलत होती. "तूच आनलं व त्यायले गावात."

"हो, मीच आनलं."

"छत्रीसाठी."

"तू नाही घेतली काय छत्री?"

"घेतली. पन फोटो नाही काढू देल्ला मी. पदर घेतला तोंडावर. मले समजत होतं."

खरंच तिनं पदर घेतला होता. बाकी आठ जणींनी दात काढून फोटो दिले.

यवतमाळच्या स्टँडवर उतरलो की ऑटोवाले ओढतात. "एक्स्पो" म्हटलं की पन्नास सांगतात. न बोलता चालायला लागा, वीसवर येतात. दोघींचे मिळून वीस, एकटीचे नाही, हे बसायच्या आधी बोलून घ्या. आधी स्टँडबाहेर आलूबोंडा खाल्ला, वरून तर्री. तर्री झणझणीत होती, तेवढंच त्या दिवशी मनासारखं झालं.

मैदानावर पांढरा मंडप. फाटकावर लिहिलं होतं, प्रवेश मोफत. फाटकात एक पोरगी टेबल टाकून बसलेली.

"ताई, मोबाईल नंबर सांगा. पास त्यावर येईल."

"मी नंबर द्यायला नाही आली. काढायला आली."

"नंबरशिवाय एन्ट्री नाही होत ताई."

"मग मोफत कायले लिहिलं?"

ती वेड्यासारखी पाहत राहिली. मागं रांग लागली. मागचा एक माणूस म्हणाला, "ओ मावशी, द्या ना नंबर, काय जाते तुमचं?" मी वळून त्याला म्हटलं, "तुह्या बायकोचा दे." तेवढ्यात एका शाळेची पोरं बाजूच्या दारानं आत सोडत होते. कौसाबाईनं माझा हात धरला आणि आम्ही त्या पोरांमागून आत शिरलो. मास्तरनं पाहिलं, काही बोलला नाही. त्याचं भलं होवो. तुम्हाला नंबर द्यायचा नसेल तर डाव्या बाजूचं ते दार लक्षात ठेवा.

आत लाल गालिचा. फवारणीचं उडतं यंत्र होतं, मातीची तपासणी होती, ते चांगलं होतं, ते पाहा. पण मधली पूर्ण रांग ओळखी करून देणाऱ्या अ‍ॅपवाल्यांची. एकाचं अ‍ॅप शेजाऱ्यांशी ओळख करून देणारं. मी विचारलं, शेजाऱ्याशी ओळख करायला भिंतीवरून हाक मारली तर नाही चालत काय? तो हसला आणि मला पेन दिला. एकाचं भजनी मंडळांचं. एकाचं लग्न जुळवायचं. एकजण सांगत होता की आपल्या मनातलं रोज तीस सेकंद बोलायचं आणि जगाला ऐकवायचं. माझ्या मनातलं मी त्याला तिथंच ऐकवलं असतं. प्रत्येकाच्या मागं मोठा पडदा आणि पडद्यावर पळणारा आकडा. इतके लोक जोडले, तितके जोडले. जोडलं म्हणजे काय केलं, ते कोणी सांगत नव्हतं.

आमची कंपनी कोपऱ्यात सापडली. तीच छत्री, तोच रंग. गावात आलेला पोरगा नव्हता, दुसराच होता, केसांना तेलासारखं काहीतरी लावलेला. मी त्याला सगळं सांगितलं. तो मान हलवत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, "मॅडम, तुम्ही हेल्पवर मेल टाका ना."

"मेल काय असते?"

"ई-मेल. मग टीम बघेल."

"टीम कुठं बसते?"

"पुण्याला."

"आन बाई बोरीला बसली हाय, घरात. तिचं काय करू?"

"मॅडम, आमच्या अ‍ॅपवरून असे कॉल जाऊच शकत नाहीत. आमचं सगळं सेफ आहे." आणि माझ्या मागच्या माणसाकडे वळून त्याला छत्री दाखवायला लागला.

कौसाबाई मला म्हणाली, "पाह्यलं? म्हंते असं होतच नाही. म्हंजे पोरगीच खोटी." आणि वळली. तिथंच खेळ संपला असता. मी तिला ओढत जेवायला बसवलं, नाहीतर ती सरळ स्टँडवर गेली असती.

जेवणाचं सांगते. मंडपात पिझ्झा, गोड मका आणि कागदाच्या कपात चहा, तीस रुपये. घेऊ नका. भाकर बांधून न्या. आम्ही ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि ठेचा नेला होता. गालिच्यावर फडकं पसरलं. शिट्टीवाला आला, "आजी, इथं बसता येत नाही." कौसाबाई म्हणाली, "बसली तर हाय." तो गेला.

आम्ही बसलो त्याच्या समोरच एक लहानसा स्टॉल होता. पडदा नाही, आकडा नाही. दिग्रसकडच्या तांड्यावरची एक पोरगी एकटीच. तिचं अ‍ॅप तांड्यातल्या बायांसाठी, सगळं बोलायचं, लिहायचं काही नाही, तेही गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत. ठेच्याचा वास गेला असेल तिच्यापर्यंत, ती आमच्याकडे पाहत होती. कौसाबाईनं तिला अर्धी भाकर दिली. खाताखाता मी तिला विचारलं, "तुह्या अ‍ॅपमध्ये बाईचा नंबर दिसते काय लोकायले?"

"नाही मावशी. नंबर कोणालाच दिसत नाही. माझी याडीच वापरते ना, म्हणजे माझी आई. तिचा नंबर मी दाखवीन होय?"

मग मी तिला आमचं सांगितलं. तिनं भाकर खाली ठेवली, हात पुसले आणि स्वतःच्या फोनवर त्या कंपनीचं अ‍ॅप घेतलं. दोन मिनिटांत आत गेली. "गाव टाका" असं आलं, तिनं बोरी अरब टाकलं. "जवळच्या मैत्रिणी" असं काहीतरी होतं, त्यावर बोट ठेवलं. आणि आमची टोळी आली. एकीखाली एक. दात काढलेले फोटो, नाव, आणि खाली हिरवा फोन. त्यावर बोट ठेवलं की सरळ शोभाचा नंबर. नऊच्या नऊंवर.

सगळ्यात वर एक चौकोन होता. त्यात फोटो नव्हता, जास्वंदाचं फूल होतं.

"हे कोन?" कौसाबाईनं विचारलं.

पोरीनं वाचलं, "कौसल्या. वय चोवीस. कामाच्या शोधात. गप्पांची आवड."

कौसाबाईचं वय त्रेसष्ट आहे.

नंतर समजलं की त्या दोघांनी गावात कोणाचं वय विचारलंच नव्हतं. वय टाकल्याशिवाय पुढं जात नसणार, म्हणून त्यांनी नऊही जणींना चोवीस टाकून दिलं. बाकीच्यांच्या फोटोत सुरकुत्या दिसतात. पदर घेतलेल्या बाईचा फोटो नाही, तिथं फूल आलं. फूल आणि चोवीस. सगळे मेले तिथंच बोट ठेवत होते.

कौसाबाईनं फोन हातात घेऊन ते फूल डोळ्याजवळ धरलं. मग म्हणाली, "थे मलेच मांगत होते."

"हो."

"म्हनून तिनं नाव नाही सांगतलं."

आमच्याकडे सून सासूचं नाव तोंडानं घेत नाही. मेली तरी घेत नाही. सासू उभी राहून विचारते, नाव सांग, कोणत्या बाईला मागतात, आणि जे नाव सांगायचं ते सासूचंच. पोरगी काय बोलणार होती? तुमालेच मांगते म्हणाली असती, तर सासूवरच आळ घेतला असं झालं असतं. आठ दिवस तिनं शिव्या खाल्ल्या, पण रीत मोडली नाही. आणि आम्ही सगळ्यांनी, मीही, तिच्या गप्प बसण्याचा भलताच अर्थ काढला. त्या मंडपात मला फार संताप आला. कंपनीचा आला, त्या नवऱ्याचा आला, आणि माझा स्वतःचा सगळ्यात जास्त आला.

परत कोपऱ्यात गेलो, ती पोरगी पण आपला स्टॉल सोडून आली. कौसाबाईनं तेलकट पोऱ्याच्या समोरची खुर्ची ओढली, बसली, आणि म्हणाली, "मी कौसल्या. मी चोवीसची दिसतो काय तुले?"

त्याला काही उमजेना. तांड्याच्या पोरीनं त्याच्या तोंडापुढं फोन धरला. तो पाहून म्हणाला, "हं. हे डेटा-एन्ट्रीवाल्यांनी केलं असेल. काढता येईल. पण प्रत्येक नावाला त्या नंबरवर ओटीपी जाईल, तो सांगावा लागेल."

"थो फोन पेटीत हाय."

"मग उघडा पेटी."

"किल्ली माह्या कमरेले हाय."

"मग उद्यापासून मेल करा मॅडम. एक्स्पो आज संपतोय."

कौसाबाईनं माझ्याकडे हात केला. मी ज्ञानाचा नंबर लावून फोन तिच्या हातात दिला. फोनचा आवाज त्या दिवशी नशिबानं निघत होता.

"ज्ञाना. पेटीचं कुलूप तोड."

तिकडून काहीतरी आलं.

"तोड म्हनलं ना. दगडानं तोड. आन फोन शोभीच्या हातात दे. तुह्या नाही, तिच्या."

फोन आठ दिवस बंद होता, जीव नव्हता त्यात. चार्जिंगला लावून वाट पाहा. ती पाऊण तास आम्ही तिथंच पाहिली. कौसाबाई खुर्ची सोडेना. लोक येत, तिला पाहून पुढं जात. पोऱ्या रडकुंडीला आला. मग त्यांचा मोठा साहेब दोन पाहुणे घेऊन आला आणि आम्हाला पाहून खूशच झाला.

"या बघा, आमच्या गावाकडच्या युझर! खास बोरीवरून आल्या आहेत. एक फोटो होऊन जाऊ द्या."

"फोटो काढशील तर तो फोन तर्रीत बुडवीन," मी म्हटलं. तर्री तिथं नव्हती, पण त्याला ते समजलं. पाहुण्यातला एक हसला. साहेब नाही हसला. मी पाहुण्यांना नऊ बाया, एक नंबर, चोवीस वय, सगळं मोठ्यानं सांगितलं. साहेब म्हणाला, "काही छोट्या अडचणी येतात सुरुवातीला." छोट्या! मी म्हटलं, "तुमच्या घरच्या बाईचा नंबर या पडद्यावर लावा आठ दिवस, मग सांगा छोटी की मोठी." पाहुणे दुसऱ्या स्टॉलवर गेले. साहेब त्यांच्या मागं पळाला.

मग शोभाचा फोन सुरू झाला. एकेक नाव काढलं. तिकडून ती आकडे सांगे, इकडं तांड्याची पोरगी टाके. शोभाचा आवाज बारीक, विहिरीतून आल्यासारखा. नऊवेळा आकडे. कौसल्याचं नाव सगळ्यात आधी काढायला लावलं. नववं गेलं तेव्हा मी मागच्या पडद्याकडे पाहिलं. त्यावरचा जोडलेल्या लोकांचा आकडा एकानंसुद्धा कमी झाला नाही. मी पोऱ्याला विचारलं तर म्हणाला, "तो आकडा फक्त वर जातो मॅडम."

परतीची बस पाचच्या सुमाराला मिळाली. गर्दी असते, स्टँडवर आधी रुमाल टाका. कौसाबाई उतरताना एवढंच म्हणाली, "आठ दिवस बोलून राह्यली मी तिले."

घरी ज्ञाना दारात, कुलपाचा तुकडा बाजूला पडलेला. कौसाबाईनं माफी वगैरे मागितली नाही, आमच्याकडे सासवा मागत नाहीत. सुनेला म्हणाली, "उद्या कामाले चाल." शोभानं मान हलवली. मग ती माझ्याकडे वळली.

"काकू, नंबर माहा होता."

"हो बाई."

"तुमी नऊ खेप देल्ला. मी थितंच उभी होती. मले इचारलं काहून नाही?"

रीत आहे म्हणून, असं तोंडात आलं होतं, ते गिळलं. चुकलं माझं, म्हटलं. ती आत गेली.

आता लोक विचारतात, एक्स्पो कसा होता, जावं काय? जा. उडतं यंत्र पाहा, आलूबोंडा खा, त्या दिग्रसकडच्या पोरीसारखी कोणी भेटली तर तिच्याजवळ बसा. पण नंबर तुमचाच द्या, आणि तोही लागला तर. बाजूवालीचा देऊ नका. मी आता रेशनवाल्याकडून, दवाखान्यातून, सगळीकडून शोभाचा नंबर काढत फिरते आहे. अर्ध्या ठिकाणी म्हणतात, काढता येत नाही.

आणि अ‍ॅपमधून नाव गेलं म्हणून नंबर गेला असं नाही. ज्यांनी तो आपल्या फोनमध्ये ठेवला, त्यांच्याकडे तो आहेच. फोन कमी झाले, थांबले नाहीत. नंबर बदलायचा तर तिचं गॅस, बँक, माहेर, सगळं त्यालाच जोडलेलं. म्हणून फोन आता वेचायला येताना शोभाच्या ओट्यात, म्हणजे कापसासाठी कमरेला बांधलेल्या झोळीत, असतो. अनोळखी वाजला की ती न बोलता तो सासूला देते. कौसाबाई कापसाचा हात लुगड्याला पुसते, फोन कानाला लावते आणि पूर्ण शेताला ऐकू जाईल असं म्हणते, "हो, कौसल्याच बोलून राह्यली. त्रेसष्ट वय हाय. बोल, काय काम काढलं?"

बाया हसतात. शोभा हसत नाही. ती पुढच्या झाडाकडे जाते. माझ्याशी ती अजून कामापुरतंच बोलते.